अनुदान संपायच्या बारा महिने आधी: विस्मरणाच्या आजाराचं गावातलं काम चालू ठेवायचा क्रम

अनुदानाच्या शेवटच्या वर्षाचं पत्र हातात पडलं की बहुतेक संस्था पहिला फोन लावतात तो ओळखीच्या कारखान्याच्या अध्यक्षांना, नाहीतर कुठल्यातरी कंपनीतल्या माणसाला. "प्रकल्प बंद पडतोय, काहीतरी बघा की." समोरचा साधा प्रश्न विचारतो, "महिन्याला लागतात किती?" आणि आपण जुन्या अंदाजपत्रकातला आकडा सांगतो. त्यात गाडी असते, ऑफिसचं भाडं असतं, अहवालाची छपाईसुद्धा असते. समोरचा चहा पाजतो, "बघू" म्हणतो आणि विषय तिथंच मिटतो.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, खानापूर, मिरज या पट्ट्यात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरांबरोबर काम करताना हे मी दोनदा पाहिलं. त्यातलं एकदा आमच्याच हातून झालं. म्हणून क्रम लिहून काढतेय. पैसे मागणं यात सहाव्या टप्प्यावर येतं. आधीचे टप्पे गाळून तिथं उडी मारली की काय होतं ते वर सांगितलंच.

एक हिशेब आधीच डोक्यात असू द्या. अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या मुख्य प्रकाराचं निदान झाल्यावर माणूस सरासरी ४ ते ८ वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे आज नोंदवलेलं घर अनुदान संपल्यावरही आपल्याच तोंडाकडे बघणार आहे.

पुढचे महिने अनुदान ३१ मार्चला संपतंय असं धरून दिले आहेत. तुमची तारीख वेगळी असेल तर महिने सरकवा, क्रम बदलू नका.

## सुरुवातीआधी: टेबलावर काय काय हवं

करारपत्र काढा आणि शेवटची दोन पानं नीट वाचा. खर्च करायची शेवटची तारीख आणि अहवाल द्यायची शेवटची तारीख वेगळ्या असतात. उरलेली रक्कम परत करायची की लेखी परवानगी घेऊन वापरता येते, हे तिथंच लिहिलेलं असतं. प्रकल्पाच्या पैशातून घेतलेल्या वस्तू कुणाच्या, हेही. आम्ही हे वाचलं नव्हतं. विरंगुळा केंद्रातल्या वीस खुर्च्या निधी देणाऱ्यांच्या मालकीच्या आहेत हे शेवटच्या आठवड्यात कळलं. टेम्पो आला, खुर्च्या गेल्या. पुढच्या सोमवारी आजोबामंडळी सतरंजीवर बसली आणि त्यातल्या तिघांना उठवायला प्रत्येकी दोन-दोन माणसं लागली.

करारपत्राशिवाय गेल्या वर्षभराच्या गृहभेटींच्या वह्या, मदतीच्या फोनवर आलेल्या कॉलची यादी आणि ट्रस्टची फाइल जवळ घ्या. एवढं पुरे.

## टप्पा १ (एप्रिल): घरं नक्की काय वापरतात ते मोजा

प्रकल्पाच्या अहवालात आपण काय दिलं ते असतं. इथं लोकांनी काय घेतलं ते मोजायचं आहे. या दोन गोष्टींत फार फरक निघतो.

मागचे तीन महिने घ्या. प्रत्येक घरासाठी एक ओळ: सेविका (घरी जाऊन पेशंटजवळ बसणारी आपली कार्यकर्ती) किती वेळा गेली, किती वेळ बसली, घरच्यांनी आपणहून किती फोन केले, कोणत्या वेळी केले, मासिक बैठकीला कोण आलं. मग चालू असलेली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका रकान्यात टाका:

- बंद पडली तर घर कोलमडेल
- बंद पडली तर अडचण होईल, पण घर मार्ग काढेल
- बंद पडली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही

हे काम समन्वयकाने एकट्याने करू नये. सेविकांना बरोबर बसवा. त्यांना जे माहीत असतं ते वहीत नसतं. आमच्याकडे २१ सप्टेंबरची जागतिक अल्झायमर दिनाची फेरी, फलक आणि माहितीपत्रकं तिसऱ्या रकान्यात गेली. ज्यांनी ती हौसेनं केली होती त्यांचे चेहरे उतरले. पण तीन महिन्यांत आलेल्या फोनांपैकी बहुतेक संध्याकाळी सहा ते नऊ या वेळातले होते, म्हणजे दिवस मावळताना पेशंटची घालमेल वाढते तेव्हाचे. आणि आमचा मदतीचा फोन पाच वाजल्यानंतर कुणी उचलायचं नाही. तीन वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तपासा: पहिल्या रकान्यात चारपेक्षा जास्त गोष्टी आल्या असतील तर तुम्ही स्वतःशी खरं बोलत नाही. पुन्हा बसा.

## टप्पा २ (मे): सेवेचा खर्च वेगळा काढा

आता फक्त पहिल्या रकान्यातल्या गोष्टींचा खर्च मांडायचा. नमुना म्हणून ६० घरं आणि चार अर्धवेळ सेविका धरून महिन्याचा हिशेब असा बसतो. तुमच्याकडचे दर तुम्ही घाला:

- सेविकांचं मानधन, ४ × ५,००० = २०,००० रुपये
- सेविकांचा एसटी-रिक्षा किंवा पेट्रोल, ४ × ८०० = ३,२०० रुपये
- मदतीचे दोन फोन, रिचार्ज = ६०० रुपये
- दोन मासिक बैठका, चहा आणि येणाऱ्या डॉक्टरांचा प्रवास = १,४०० रुपये
- वह्या, झेरॉक्स = ३०० रुपये
- लेखापरीक्षण आणि ट्रस्टची कागदपत्रं, वर्षाचे १२,००० म्हणजे महिना १,००० रुपये
- अर्धवेळ समन्वयक = ९,००० रुपये

बेरीज ३५,५०० रुपये. घरामागे महिन्याला सहाशेच्या आत. पुढं ज्यांच्या दारात जाल त्यांना हाच आकडा सांगायचा: "एका घराला महिन्याला सहाशे रुपये." प्रकल्पाचा लाख-दीड लाखाचा आकडा तोंडातून काढू नका.

एवढ्या साध्या सेवेचा उपयोग होतो का, असं कुणी ना कुणी विचारतंच. गोव्यातला २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगा. ८१ घरं, डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन दिलेला सल्ला आणि आधार. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य त्यातून सुधारलं. त्यात महागडं काहीच नव्हतं.

सावध: या यादीतून पहिलं काय कापलं जातं? सेविकांचं मानधन. "सेवाभावाने करतील की." दोन महिने करतात, तिसऱ्या महिन्यात शेजारच्या गावात द्राक्षाच्या बागेत रोजगार मिळतो आणि त्या जातात. त्यांचं काही चुकत नाही. चुकीचा माणूस शोधायचा असेल तर तो हिशेब करणारा.

आकडा झेपत नसेल तर गावं कमी करा, भेटी पातळ करू नका. बारा गावांत महिन्यातून एकदा तोंड दाखवण्यापेक्षा चार गावांत दर आठवड्याला जाणं केव्हाही चांगलं. जी गावं सुटतील तिथल्या घरांना सहा महिने आधी सांगा आणि टप्पा ४ मधली सरकारी व्यवस्था तिथं आधी लावून द्या.

सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे या नमुन्यात २,१३,००० रुपये, गंगाजळी म्हणून बाजूला असावा हे लक्ष्य ठेवा. लगेच जमत नाही. पण आकडा भिंतीवर लावून ठेवा.

## टप्पा ३ (मेअखेर ते जून, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत): घरच्यांची बैठक

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा चुकतो, म्हणून इथं थांबते.

बैठक कधी घ्यायची ते आधी. तासगाव भागात द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी चालू असताना बोलावलंत तर कुणी येणार नाही. ऊस तुटत असताना नाही, बेदाण्याच्या दिवसांत नाही. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी स्वयंपाक आणि पेशंटची आंघोळ असते. संध्याकाळी धार काढायची असते आणि पेशंटही बिथरलेला असतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सांभाळणारी बाई बैठकीला येणार तर घरात पेशंटजवळ कोण? त्याची सोय न करता "काळजीवाहकांचा मेळावा" ठेवला की मोकळे पुरुष येतात आणि जिला यायला हवं ती घरीच राहते. एकतर शेजारच्या खोलीत पेशंटना बसवून दोन सेविका तिथं थांबवा, नाहीतर त्या दिवशी सेविकांना घरोघर पाठवा.

पुरुष आणि बायका वेगळ्या बसवा. हे मागासलेपणाचं वाटेल, वाटू द्या. सासऱ्यांचं लंगोट बदलण्याबद्दल सून दिरासमोर बोलणार नाही.

बैठकीत आपण भाषण करायचं नाही. टप्पा १ ची यादी वाचायची, मार्चनंतर पैसे नाहीत हे सरळ सांगायचं आणि विचारायचं, यातलं काय राहायला हवं? मग गप्प बसायचं. पहिली पाच-सात मिनिटं कुणी बोलत नाही, ती सोसा. आमच्या बैठकीत शेवटी मागून एक सूनबाई बोलल्या:

"ताई, गोळ्या आम्ही आणू. मिटिंगला चहा नाही दिला तरी चालंल. पण ती पोरगी मंगळवारी येऊन मामंजींजवळ दोन तास बसती, तेवढं काढू नका. त्या दोन तासांत मी डोक्यावरनं न्हाते आणि जरा पडते."

तिचे मामंजी सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. आता पहाटे चारला उठतात आणि "सौदा निघंल" म्हणत दाराची कडी काढायला लागतात. सेविका पिशवीतून किलोभर हळकुंडं आणते आणि ताटात ओतते. ते लांब-आखूड वेगळी करत बसतात, मध्येच एखादं मोडून कानाशी धरतात. दोन तासांनी ती सगळी एकत्र करून पिशवीत भरते, पुढच्या मंगळवारसाठी. खर्च एका पिशवीचा. आमच्या अहवालात ही गोष्ट "मनोरंजनात्मक उपक्रम" या नावाखाली एका ओळीत होती.

बैठकीतून दोन गोष्टी घेऊनच उठा. पहिली, पाच जणांची घरच्यांची समिती, त्यात निदान तीन बायका. दुसरी, वहीत लिहिलेला आणि सगळ्यांनी सही-अंगठा केलेला ठराव: कोणत्या सेवा चालू राहायला हव्यात आणि त्यासाठी घरं स्वतः काय करतील. पतसंस्थेत आणि ग्रामसभेत हा कागद तुमच्या कुठल्याही सादरीकरणापेक्षा जास्त चालतो.

वर्गणीचा विषय निघेलच. पन्नास, शंभर, ज्याला जमेल तेवढी. बंद पाकिटात, समितीकडे. सेविकेच्या हातात नाही. कुणी किती दिले ते सेविकेला कळताच कामा नये.

तपासा: ठरावावरच्या सह्यांमध्ये रोज प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या किती? अर्ध्याहून कमी असतील तर बैठक पुन्हा घ्या.

## टप्पा ४ (जून-जुलै): जे सरकारी यंत्रणेत बसतं ते तिथं बसवा

"आमचा प्रकल्प शासनाने ताब्यात घ्यावा" असं निवेदन देऊ नका. त्यावर पोच मिळते, बाकी काही नाही. छोट्या आणि स्पष्ट गोष्टी मागा.

तीस वर्षांवरच्या माणसांचा आशाताई जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायची सरकारी प्रश्नावली) भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का. जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का. हे प्रश्न बहुतेक वेळा घाईत "नाही" म्हणून भरले जातात, कारण "म्हातारपणी व्हायचंच." तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी एवढीच करा: या प्रश्नांना "होय" आलेल्यांची यादी आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी ठेवावी, आणि आशाताईंच्या मासिक बैठकीत तुम्हाला अर्धा तास मिळावा. आशाताईंवर आणखी एक बिनपैशाचं रजिस्टर लादू नका. त्यांच्याकडे आधीच ढीगभर आहेत.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. ते तुमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं ते लेखी घ्या. तपासणीसाठी सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेशंट पाठवताना चिठ्ठीवर काय लिहायचं ते सेविकांना शिकवा: विसरणं कधीपासून, हळूहळू की अचानक, पडल्याचा इतिहास, चालू गोळ्या, झोप, उदासपणा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, ही विस्मरणाची उपचार होऊ शकणारी कारणं आहेत. ती तपासल्याशिवाय "आता वय झालं" हा शिक्का कुणी मारू नये.

पत्र नेहमी पदाला लिहा, माणसाला नाही, आणि आवक क्रमांक घ्या. चांगले साहेब वर्षभरात बदलून जातात. नव्या साहेबांसमोर ठेवायला कागद हवा.

दोन नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा: टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. दोन्ही फुकट. सत्तरीपुढच्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड (रुग्णालयातल्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्मृतिभ्रंशाच्या रोजच्या सांभाळाला त्याचा उपयोग नाही. पण पडून खुबा मोडला तर आहे, आणि तो मोडतोच.

सावध: प्रकल्पातून गोळ्या फुकट जात असतील तर डिसेंबरपर्यंत प्रत्येक पेशंटला डॉक्टरांना दाखवून पुढची सोय ठरवा: सरकारी रुग्णालय, जनऔषधी दुकान की घरचा खर्च. एप्रिलमध्ये गोळ्या अचानक तुटल्या असं होऊ देऊ नका.

सावध: पेशंट एक-दोन दिवसांत एकदम बिघडला, भ्रमात बोलायला लागला किंवा सुस्त पडला, तर "आजार वाढला" असं धरून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध अशी कारणं बऱ्याचदा असतात. त्याच दिवशी दवाखाना. सेविका पाच असोत की एक, हे वाक्य प्रत्येकीला पाठ हवं.

## टप्पा ५ (१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत): जागा आणि पालक संस्था

ग्रामपंचायतीकडे पैसे मागण्याआधी खोली मागा. खोली द्यायला कुणाची ना नसते. ठरावाचा मजकूर तुम्हीच लिहून न्या, उदाहरणार्थ: "दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या मंगळवारी दुपारी २ ते ५ समाजमंदिराची खोली, पंखा व पाण्यासह, विस्मरणाचा आजार असलेले ज्येष्ठ व त्यांच्या घरच्यांच्या बैठकीस विनामूल्य द्यावी." सरपंचांनी मान डोलावली म्हणजे झालं असं समजू नका. इतिवृत्ताची प्रत हातात आली की झालं. निवडणूक झाली की मान डोलावणारे बदलतात.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण तो दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांची वेगळी यादी करा आणि तेवढ्यापुरतंच मागा.

पालक संस्था, म्हणजे पुढं हे काम आपलं म्हणून चालवणारी संस्था, कुठली? गावात ज्येष्ठ नागरिक संघ चालता-बोलता असेल तर तो पहिला पर्याय. शहरात, सांगलीतल्या विश्रामबागेसारख्या भागात, हे सोपं जातं. खेड्यात बऱ्याचदा महिला बचत गटांचा ग्रामसंघ जास्त भक्कम असतो. त्यांना दर महिन्याला भेटायची आणि हिशेब लिहायची सवय असते. माझं मत विचाराल तर ज्या संस्थेच्या बैठकीची वही गेल्या बारा महिन्यांत एकदाही कोरी नाही तिच्याकडे जा. अध्यक्ष किती मोठे आहेत ते बघू नका.

## टप्पा ६ (जुलैअखेर अर्ज, दिवाळीपर्यंत पाठपुरावा): आता पैसा

हातात आता घरामागचा आकडा आहे, घरच्यांचा ठराव आहे, ग्रामसभेचा कागद आहे किंवा येऊ घातलाय. आता दारं ठोठावा, या क्रमाने.

पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि नफावाटणी तिथं मंजूर होते. धर्मादाय किंवा सामाजिक कामाचा निधी त्यातूनच निघतो. संचालक मंडळ त्याची चर्चा आधी करतं. त्यामुळे अर्ज जुलैतच पोचला पाहिजे. ऑक्टोबरात गेलात तर "पुढच्या वर्षी या" हे उत्तर खरंच प्रामाणिक असतं. अख्खा कार्यक्रम मागू नका. "तुमच्या सभासदांची नऊ घरं यात आहेत, त्या नऊ घरांचा वर्षाचा खर्च ६४,८०० रुपये" असं मागा. सभासदांचा विषय निघाला की मंडळ कान देतं.

गलाईवाले. हा आपल्या जिल्ह्याचा खास आधार, आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या कागदात तो कधीच नसतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यात देशभर पांगलीत. आई-वडील मात्र गावात. आईला नाव आठवत नाही हे मुलाला कोइमतूरमध्ये बसून फोनवर कळतं, आणि तो काही करू शकत नाही. याला देणगीसाठी गळ घालावी लागत नाही. त्याला महिन्यातून एकदा खरी बातमी हवी असते. सेविकेने महिनाअखेरीला तीन ओळी पाठवायच्या: खाणं कसं, झोप कशी, नवीन काय. घरातल्या सुनेला विचारून, तिच्या संमतीनेच. नाहीतर ती बातमी तिच्यावरची पाळत होते आणि सेविकेला दार बंद होतं. हे आमच्या बाबतीत झालेलं आहे.

ही मंडळी गावच्या यात्रेला आणि दिवाळीला येतात. तेव्हा गाठा, मंदिरासमोर बसूनच. एकरकमी मोठ्या आकड्यापेक्षा "एक घर, वर्षभर, दरमहा ६००" असं बांधून घ्या आणि स्वतःच्या आईशिवाय आणखी एक घर घ्यायला सांगा.

सावध: मुलगा परदेशात आहे पण भारतीय नागरिक आहे, तर बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी चालते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. विचारायला लाजू नका.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, शेवटी. ज्येष्ठांसाठीची दिवसाची काळजी केंद्रं आणि तशा सोयी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतात, आणि तुमची सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठी संस्थेला लागणारी) असेल तर दार उघडं आहे. पण हे पुन्हा ठरावीक मुदतीचंच अनुदान. त्यातून सेविकांचं मानधन चालवलंत तर दोन-तीन वर्षांनी हाच लेख परत वाचायला लागेल. खुर्च्या, पंखे, प्रशिक्षण, गंगाजळी अशा एकदाच्या खर्चाला तो घ्या.

तपासा: कुठल्याही एका देणाऱ्याचा वाटा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त आहे का? असेल तर तुम्ही फक्त मालक बदललाय.

## टप्पा ७ (ऑक्टोबर ते डिसेंबर): कागद

कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आटपतो.

विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज गेलेला हवा. तो अडकला की बँकेत सह्या बदलत नाहीत, आणि सह्या बदलल्या नाहीत की एप्रिलचं मानधन अडकतं. ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) असेल तर मुदत बघा आणि देणगीदारांना आधीच सांगा, दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. स्थानिक पैशासाठी वेगळं बँक खातं ठेवा, जुन्या प्रकल्पाच्या खात्यात एक रुपयाही मिसळू नका.

पेशंटची यादी नव्या पालक संस्थेला देण्याआधी प्रत्येक घराची लेखी संमती घ्या. लग्नाच्या मुलीच्या घरात आजीला "चळ लागलाय" ही बातमी गावभर होणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. व्हॉट्सअॅपवर फोटो तर अजिबात नकोत.

## टप्पा ८ (जानेवारी): रंगीत तालीम

अनुदान चालू असतानाच एक अख्खा महिना फक्त स्थानिक पैशावर, स्थानिक माणसांवर काढा. प्रकल्पाची गाडी उभी. ऑफिसला कुलूप. समन्वयकाने अर्धाच वेळ द्यायचा. अनुदानातून पगार घेणाऱ्यांनी हात लावायचा नाही, फक्त काय मोडतं ते लिहायचं.

आमच्या तालमीत चौथ्याच दिवशी मदतीचा फोन मेला. पैसे होते, समितीही होती. पण रिचार्ज मारणं हे कुणाचंच काम नव्हतं, तीन वर्षं ते ऑफिसातून आपोआप व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात एक सेविका तापाने पडली आणि बदली कुणी नव्हतं. तिच्या पाचही घरांत कुणी गेलं नाही आणि कुणी कळवलंही नाही. तिसऱ्या आठवड्यात समाजमंदिराची किल्ली सापडेना. लग्नाच्या वऱ्हाडाकडे होती.

या सगळ्याची उत्तरं फुटकळ आहेत. रिचार्ज: समितीतल्या एकीच्या नावावर, तारीख पाच. आजारपण: प्रत्येक सेविकेची जोडीदारीण ठरलेली. किल्ली: दुसरी, समोरच्या किराणा दुकानात. पण हे जानेवारीत कळलं म्हणून फुटकळ.

तपासा: तालमीच्या महिन्यात चुकलेल्या भेटी दहातल्या एकापेक्षा जास्त असतील तर फेब्रुवारीत दुरुस्ती करून तालीम परत घ्या. मार्च त्यासाठीच मोकळा ठेवायचा असतो, समारोपाच्या कार्यक्रमासाठी नाही.

## एप्रिल उजाडल्यावर

घरांना "प्रकल्प संपला" असं सांगू नका, ते ऐकून निम्मे फोन करायचं सोडतात. "आता हे काम गावाचं आहे, मंगळवारी ताई येणारच" असं सांगा, आणि मंगळवारी ताई गेली पाहिजे.

पहिले तीन महिने समितीची बैठक पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याने. बैठकीत तीनच गोष्टी वाचायच्या: चुकलेल्या भेटी, उत्तर न मिळालेले फोन, खात्यातली शिल्लक. सेविकांचं मानधन पाच तारखेला. उशीर होणार असेल तर एक तारखेलाच सांगायचं.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेविकेबरोबर निदान पाच घरांत स्वतः जा. ओसरीवर नको, आत स्वयंपाकघरात जाऊन बसा आणि सूनबाईंना विचारा, मागच्या महिन्यात आणि या महिन्यात काय वेगळं वाटलं? काही सांगितलं तर तिच्यासमोरच वहीत लिहून घ्या आणि शुक्रवारच्या आत तिला फोन करा.